जुन्या गाडीचं मिसिंग: आधी सिलिंडर शोधा, मग पार्ट घ्या

गाडी मिसिंग मारते, म्हणजे इंजिनचा एखादा सिलिंडर मधेच पेटत नाही, म्हणून प्लग बदलले. काही दिवस बरी चालली, पुन्हा तेच. मग प्लगला ठिणगी देणारी कॉइल बदलली. पुन्हा थोडे दिवस बरे गेले. मग कुणीतरी इंधन फवारणारे इंजेक्टर साफ करून घ्या म्हणालं, तेही झालं. बिल वाढत गेलं आणि मिसिंग होतं तिथेच राहिलं.

कुठलाही पार्ट बदलला की मिसिंग थोडे दिवस जातं, याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं. पार्ट काढताना आजूबाजूचे चार कनेक्टर उपसले जातात आणि परत दाबून बसवले जातात. गंजलेली पिन घासली जाते, सैल वायर घट्ट होते. फरक नव्या पार्टने पडलेला नसतो, हात लागल्याने पडलेला असतो. पिन पुन्हा गंजली की मिसिंग परत.

म्हणून तीन प्रश्न विचारायचे, तेही याच क्रमाने. कधी होतं? कोणत्या सिलिंडरला होतं? त्या सिलिंडरला काय कमी पडतंय: ठिणगी, दाब की इंधन? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पाकीट बाहेर काढू नका.

इथलं सगळं पेट्रोल आणि सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांबद्दल आहे. डिझेलचं गणित वेगळं, ते यात धरलेलं नाही.

## तयारी

हत्यारं फार लागत नाहीत. प्लग पाना (जुन्या मारुतीला २१ एमएमचा, नंतरच्या बऱ्याच इंजिनांना १६ चा), प्लगची फट (गॅप) मोजणारा फिलर गेज, डिजिटल मल्टिमीटर, गॅप कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर, सिलिंडरमधला दाब मोजणारा, स्क्रूने बसणारा कॉम्प्रेशन गेज, चांगली टॉर्च, चिकटपट्टी, मार्कर आणि एक वही. वही विनोदाने लिहिलेली नाही, या यादीत तीच सर्वांत कामाची आहे. कॉम्प्रेशन गेज विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

जागा मोकळी हवी. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका, तिथे धूर साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची नळी सोडायची असेल तर ते काम उघड्यावरच, जवळ आग विझवायचा सिलिंडर ठेवून.

प्लग गार इंजिनवरच काढा. प्लग ज्यात बसतात ते हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना जोर लावला की आटे प्लगसोबत बाहेर येतात, आणि मग मिसिंग परवडलं असं म्हणायची वेळ येते.

सावधान: प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात. इंजिन चालू असताना उघड्या हाताने वायर ओढू नका. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चालू इग्निशनजवळ थांबूच नये.

## टप्पा १: हे मिसिंगच आहे ना?

गाडी थरथरते म्हणजे मिसिंग, असं नाही. मारुती ८०० आणि जुनी अल्टो यांची इंजिनं तीन सिलिंडरची. ती आयडलिंगला (ॲक्सिलेटर न दाबता इंजिन चालू असताना) जन्मजात हलतात. इंजिनचं माउंटिंग फाटलं असेल तर तीच थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. क्लच सोडतानाच गाडी हादरत असेल तर ते क्लचचं दुखणं आहे.

खात्री सायलेन्सरपाशी होते. इंजिन आयडलिंगला ठेवा, मागे जाऊन उभे राहा आणि ठेका ऐका. तळहात धुराच्या वाटेत थोडा लांब धरला तरी कळतं. ठेका एकसारखा असेल आणि गाडी हलत असेल, तर आधी माउंटिंग बघा. मधेच एक ठोका गळत असेल तर ते मिसिंग.

आता तो ठोका कसा गळतो तेही ऐका. ठरावीक अंतराने, घड्याळ लावल्यासारखा गळत असेल तर एकच सिलिंडर आजारी आहे. कधीही, कसाही गळत असेल तर सगळ्या सिलिंडरना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलंय: इंधनाचा दाब, हवेची गळती, मुख्य कॉइल, एखादा सेन्सर किंवा अर्थिंग. पुढचं अर्धं काम इथेच वाचतं.

## टप्पा २: कधी होतं, ते आठवडाभर लिहा

हा टप्पा सगळे टाळतात, कारण यात हात काळे होत नाहीत आणि काही केल्याचं समाधानही मिळत नाही. तरीही करा. मिसिंग झालं की पाच गोष्टी टिपा: इंजिन गार की गरम, आयडलिंग की लोडवर (चढावर किंवा जोर लावताना), पाऊस की कोरडं, एसी चालू की बंद, आणि गाडी पेट्रोलवर होती की सीएनजीवर.

शेवटची नोंद मुंबईत फार मोलाची. सीएनजी कीट असेल तर मिसिंग होत असतानाच इंधन बदलून बघा. दोन्हींवर सारखंच होत असेल तर इंजेक्टर आणि पेट्रोल पंप बहुधा सुटले. ठिणगी, कॉम्प्रेशन किंवा हवेची गळती बघा. फक्त पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलच्या वाटेवर जा. फक्त सीएनजीवर होत असेल तर कीटवाल्याकडे धाव घेण्याची घाई नको. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त जोराची ठिणगी लागते. त्यामुळे थकलेली कॉइल किंवा वाढलेला प्लग गॅप आधी सीएनजीवर उघडा पडतो आणि काही महिन्यांनी पेट्रोलवर. रेड्यूसर (सीएनजीचा दाब कमी करणारा भाग) बदलून झाल्यावर दोष प्लगचा निघाला, ही तक्रार नेहमीची आहे.

बाकीच्या नोंदी अशा वाचायच्या:

- पावसाळ्यात सकाळी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं, इंजिन तापलं की गायब: वायरी, डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग) कॅप किंवा प्लगच्या खाचेत ओल.
- सायनच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावरच, गार झाली की ठीक: गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल, इग्निशन मॉड्यूल किंवा क्रँक सेन्सर.
- फक्त उड्डाणपुलाच्या चढावर किंवा वरच्या गियरमध्ये पाय दाबला की: अशक्त ठिणगी किंवा इंधनाचा कमी दाब.
- फक्त आयडलिंगला, रेस दिली की बंद: हवेची गळती किंवा गळका व्हॉल्व्ह.
- सकाळी सुरू करताना एक सिलिंडर मुका, पांढरा धूर, आणि कूलंट हळूहळू कमी: हेड गॅस्केट. अशी गाडी तपासणी होईपर्यंत चालवू नका.

लोडवरचं मिसिंग पार्किंगमध्ये उभ्या उभ्या रेस देऊन कधीच सापडत नाही. रिकाम्या इंजिनला रेस देणं म्हणजे लोड नव्हे. त्यासाठी पहाटे रस्ते मोकळे असताना लालबागच्या उड्डाणपुलासारखा चढ गाठा. तिसऱ्या किंवा चौथ्या गियरमध्ये, कमी आरपीएमवर, हळूहळू पाय दाबत जा. शेजारी बसलेल्याने लिहायचं, चालवणाऱ्याने नाही. पुलावर थांबायचं नाही.

तपासा: "कधीही होतं" असं उत्तर येत असेल तर नोंदी कमी पडल्या आहेत. आणखी चार दिवस लिहा.

## टप्पा ३: कोड वाचा, पण पुसू नका

मुंबईत धुराचा बीएस ४ नियम एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि बिघाडाचे कोड नोंदवणारी ओबीडी २ यंत्रणा एप्रिल २०१३ पासून. २०१३ नंतरच्या गाडीला साधा ब्लूटूथ स्कॅनरही कामाची माहिती देतो. त्याआधीच्या बऱ्याच इंजेक्शनवाल्या गाड्यांना सॉकेट तसंच दिसतं, पण त्यांची भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा गॅरेजमधला स्कॅनर लागतो. कार्ब्युरेटरवाल्यांनी थेट पुढच्या टप्प्यावर जावं.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, पी ०३०२ दुसऱ्याचं, असं पुढे. पी ०३०० म्हणजे ठरावीक सिलिंडर नाही. सोबत पी ०१७१ असेल तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त शिरतेय किंवा इंधन कमी पडतंय.

कोड सिलिंडर दाखवतो, पार्ट दाखवत नाही. पी ०३०२ आला म्हणून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलणं म्हणजे पुन्हा अंदाज. आणि कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा: त्या क्षणी आरपीएम किती, इंजिनचं तापमान किती, लोड किती, सगळं त्यात असतं. बॅटरीची वायर काढली तरी बऱ्याच गाड्यांत ते पुसलं जातं. "आधी बॅटरी काढून रीसेट मारू" म्हणणाऱ्याला थांबवा.

सावधान: चेक इंजिनचा दिवा मिचकावत असेल तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतंय. जोर न लावता गाडी बाजूला घ्या. तशीच दामटलीत तर कन्व्हर्टरचा खर्च मिसिंगच्या खर्चाला लाजवेल.

जाता जाता पीयूसीच्या कागदाकडेही बघा. त्यावर एचसी (न जळलेलं इंधन) आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) हे आकडे छापलेले असतात. गेल्या वेळेपेक्षा एचसी खूप वाढलाय पण सीओ तसाच आहे, म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, हे मिसिंगचं लक्षण. दोन्ही वाढलेत तर मिश्रण जाड आहे, म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. कागदाचे पैसे आधीच भरलेले असतात, वाचायचे वेगळे पडत नाहीत.

## टप्पा ४: पान्याआधी डोळे

बोनेट उघडा, इंजिन बंद, टॉर्च हातात.

बॅटरी: इंजिन बंद असताना १२.४ ते १२.७ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. यापेक्षा कमी असेल तर आधी चार्जिंग दुरुस्त करा. कमी व्होल्टेजवर चांगली कॉइलही आजारी दिसते.

अर्थिंग: समुद्राच्या हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीचं हे खास दुखणं. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनला जाणाऱ्या जाड पट्ट्या बघा. वरून ठीक दिसते, बोल्ट सोडला की खाली हिरवट पांढरी पूड. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या कोऱ्या धातूवर लावा. इंजिन, हेडलाइट, पंखा सगळं चालू. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी सोडून, घासून, परत आवळा.

उंदीर: गाडी आठवडाभर उभी असेल तर प्लग वायर, इंजेक्टरची वायर आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बोटाने चाचपून बघा. कुरतडलेली जागा बहुतेक वेळा वायरच्या खालच्या बाजूला असते. बोनेटच्या अस्तराचा कापूस इंजिनवर पडलेला दिसला तर पाहुणे येऊन गेलेत.

पाणी: सर्व्हिसिंगला इंजिन प्रेशरने धुतल्यानंतर मिसिंग सुरू झालं असेल तर प्लगच्या खाचेत पाणी आहे असंच धरा. कॉइल किंवा वायर काढून खाच कोरडी करा. त्याच वेळी तिथे तेल आहे का तेही बघा. तेल असेल तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते न बदलता फक्त प्लग बदललात तर रबर पुन्हा तेलात भिजून फुगणार.

सावधान: हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर हे मिसिंग नाही. स्टार्टर मारू नका. इंजिनने पाणी ओढलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढायचं, बाकी नंतर.

## टप्पा ५: सिलिंडर शोधा

क्रमांक बहुतेक इंजिनांत टायमिंग बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूने सुरू होतो. चिकटपट्टीवर आकडे लिहून प्रत्येक वायरीला लावा, मगच काही सोडा. चार सिलिंडरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचा फायरिंग क्रम १-३-४-२, मारुती ८०० चा १-३-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की नवीनच मिसिंग तयार होतं, आणि मग दोन दुखणी एकत्र शोधत बसावं लागतं.

इंजेक्शनवाली गाडी: इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा आणि लगेच परत लावा. ज्याचा काढल्यावर इंजिन आणखी हलतं तो सिलिंडर काम करतोय. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तो तुमचा आजारी सिलिंडर. प्लगची वायर ओढण्यापेक्षा ही पद्धत बरी: झटका बसत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात नाही. यामुळे नवा कोड येईल. आधीच्याचा फोटो तुमच्याकडे आहेच.

कार्ब्युरेटरवाली गाडी: इंजिन बंद करा, एका सिलिंडरची वायर काढून स्पार्क टेस्टरला लावा, टेस्टर इंजिनला अर्थ करा, इंजिन सुरू करून काही सेकंद ऐका, बंद करा. मग पुढचा सिलिंडर. वेळ लागतो, पण वायर हवेत लटकत ठेवून इंजिन चालवलं की ठिणगी आपली वाट शोधते आणि कॉइलच्या आत किंवा इग्निशन मॉड्यूलमध्ये घुसते.

एक कॉइल दोन सिलिंडर चालवते अशा गाड्यांत जोडी बहुधा १-४ आणि २-३ अशी असते. एका जोडीचे दोन्ही सिलिंडर मुके असतील तर संशय कॉइलवर. एकच असेल तर वायर, प्लग किंवा आतलं काहीतरी.

तपासा: सिलिंडरचा आकडा वहीत लिहिला का? तो मिळाला नाही आणि मिसिंग अनियमित असेल, तर टप्पा ६ मधली फक्त अंधारातली चाचणी करा आणि थेट टप्पा ८ वर जा.

## टप्पा ६: ठिणगी

जुन्या गाड्यांत सर्वाधिक वेळा दुखणं इथे सापडतं, म्हणून इथे घाई नको.

सगळे प्लग काढा. काढण्याआधी खाचेतली धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. काढलेले प्लग क्रमाने मांडून ठेवा. एकाच प्लगकडे बघून काही कळत नाही. बाकीच्यांपेक्षा वेगळा कोणता, ते बघायचं. फिकट तपकिरी किंवा राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे जाड मिश्रण. पेट्रोलने ओला म्हणजे इंधन येतंय पण पेटत नाही. तेलकट म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील. पांढराफटक म्हणजे पातळ मिश्रण किंवा जास्त गरम. आणि सगळ्यांपेक्षा अगदी स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा एकच प्लग निघाला तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय का ते बघा.

आता ती गोष्ट, जी चांगले मेस्त्रीही घाईत सोडतात. प्लगचा पांढरा चिनी मातीचा भाग फडक्याने पुसा आणि टॉर्चच्या उजेडात गोल फिरवून बघा. वरच्या टोकापासून खाली षटकोनी धातूपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का? ठिणगी आत उडायच्या ऐवजी बाहेरच्या बाहेर उतरतेय, त्याची ती खूण. अशी रेघ दिसली की त्या प्लगवर बसणारं रबरी बूट उलटून आत बघा. तिथेही त्याच जागी जळलेला माग असतो. फक्त प्लग बदलला तर बुटातला माग नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा ओढतो. "नवीन प्लग टाकला, पंधरा दिवसांत परत" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. दोन्ही एकदम बदला. धातूजवळ गोल तपकिरी डाग असतो, तो वेगळा आणि निरुपद्रवी. उभी रेघ शोधायची आहे.

गॅप फिलर गेजने मोजा. पेट्रोलला साधारण ०.८ ते १.१ एमएम, पण आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. सीएनजीवर बहुधा ०.७ ते ०.८ ठेवतात. "नवीन प्लग आहे, गॅप बरोबरच असणार" हे गृहीत धरू नका. खोक्यात आपटलेला प्लग बरोबर नसतो. इरिडियमचा प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला गेज लावून वाकवायचा प्रयत्न करू नका, मोडतो.

मग वायरी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून दोन्ही टोकांत मोजा. कार्बन वायरीचा आकडा काही हजार ओहम येतो, लांब वायरीचा जास्त. एखादीचा आकडा बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट असेल किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर ती गेली. मोजताना वायर वाकवून, हलवून बघा. आकडा उड्या मारत असेल तर तीच चोर.

कॉइलची प्रायमरी साधारण ०.५ ते २ ओहम, सेकंडरी काही हजार ओहम. पण एक ध्यानात ठेवा: गार कॉइल मीटरवर पास होते आणि गरम झाल्यावर रस्त्यावर नापास होते. तुमच्या वहीत "ट्रॅफिकमध्ये तासभर अडकल्यावर" असं लिहिलं असेल तर मोजमाप गाडी फिरवून आल्यावर, मिसिंग चालू असतानाच करा.

डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप काढून आत बघा: पितळी टोकांवर हिरवट थर, बारीक तडा, रोटरचं जळलेलं टोक. कॅपच्या आतला स्प्रिंगवाला कार्बनचा तुकडा दाबून बघा, तो अडकलेला नको.

अंधारातली चाचणी: सगळं परत बसवा, रात्री दिवे बंद करून इंजिन चालू करा आणि बोनेटखाली बघा. गळकी वायर निळसर ठिणगी टाकताना दिसते. काही दिसलं नाही तर साध्या पाण्याचा बारीक फवारा लांबून वायरींवर आणि कॅपवर मारा. पावसाळी मिसिंग हमखास यात पकडलं जातं, जूनची वाट बघावी लागत नाही. हात दूर, सैल कपडे आणि ओढणी पंख्यापासून दूर.

प्रत्येक प्लगला वेगळी कॉइल असेल तर काम आणखी सोपं. आजारी सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाका. मिसिंग कॉइलसोबत गेलं तर कॉइल. तिथेच राहिलं तर प्लग असाच हलवा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, आणि हलवली की वहीत लिहायची. दोन्ही एकदम हलवलीत तर उत्तर मिळेल, पण कशाचं ते कळणार नाही.

प्लग परत बसवताना आधी हाताने आटे घाला, पाना शेवटी. वायर किंवा कॉइल "टक" असा आवाज येईपर्यंत दाबा.

## टप्पा ७: कॉम्प्रेशन, इंजेक्टरच्या आधी

खरं तर प्लग बाहेर असतात तेव्हाच हे उरकून घ्यावं. बरेच जण कॉम्प्रेशन शेवटी मोजतात कारण उत्तराची भीती वाटते. पण व्हॉल्व्ह गळत असेल तर जगातला कुठलाही इंजेक्टर क्लीनर उपयोगाचा नाही, मग ते आधीच कळलेलं बरं.

इंजिन कोमट करून घ्या आणि प्लगला हात लावता येईल इतपत थंड होऊ द्या. सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन दोन्ही तोडलेले, बॅटरी भरलेली. ॲक्सिलेटर पूर्ण दाबून ठेवा. हे विसरलं की सगळे आकडे कमी येतात आणि इंजिन गेलं अशी उगाच समजूत होते. प्रत्येक सिलिंडरला स्टार्टरचे सारखेच पाच-सहा फेरे द्या.

चांगल्या पेट्रोल इंजिनचे आकडे साधारण १५० ते २०० पीएसआयच्या घरात येतात. त्याहून महत्त्वाचा आहे आपसातला फरक. सगळे १४० असतील तर गाडी दमलीय, पण मिसिंगचं कारण ते नाही. तीन १७० आणि एक ११० असेल तर चोर सापडला. १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग झिजल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट.

वर्षानुवर्षं सीएनजीवर चाललेल्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट बुजत जाते. मग गरम इंजिनवर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. ज्या इंजिनांत टॅपेट स्क्रूने जुळवता येतात तिथे हे सुरुवातीलाच पकडलं तर काम टॅपेट सेटिंगवर भागतं. उशीर केला तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं.

## टप्पा ८: इंधन आणि हवा

ठिणगी ठीक, कॉम्प्रेशन ठीक, तरच इथे या. टप्पा ५ ने थेट इथे पाठवलेल्यांचा अपवाद.

इंजेक्टरवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मूठ कानाला लावा. टिकटिक ऐकू यायला हवी, सगळ्यांची सारखी. एकाची येत नसेल तर आधी त्याच्या कनेक्टरला सिग्नल येतो का बघा. बहुतेक जुन्या एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या) गाड्यांत इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहमच्या आसपास असतो. कॉइलसारखीच इथेही अदलाबदल करता येते, पण इंजेक्टर काढला की त्याच्या रबरी रिंग नव्या घालायच्या. जुन्या परत घातल्या तर पेट्रोल गळेल.

लोडवर मिसिंग, पाय काढला की ठीक, आणि कुठलाच एक सिलिंडर सापडत नाही: इंधनाचा दाब मोजून घ्या. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत तो २.५ ते ३ बारच्या आसपास असतो. हे गॅरेजमध्ये करा. फिल्टर कधी बदललाय हे आठवत नसेल तर आधी तो बदला, ही एकच खरेदी मी मोजमापाशिवाय मान्य करेन.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी शोषून घेतं. गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी असेल तर थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर बसला तर टाकी रिकामी करावी लागेल. जुन्या रबरी नळ्याही यात नरम पडतात, त्या दाबून बघा. कार्ब्युरेटरला तर इथेनॉलमुळे पातळ झालेलं मिश्रण स्वतःहून जाड करता येत नाही, त्यामुळे ट्यूनिंग नव्याने करावं लागतं.

हवेची गळती आयडलिंगला कळते. व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून चिमटीत दाबा. एखादी दाबल्यावर इंजिन सुधारलं तर गळती त्याच वाटेवर. ब्रेकचा पेडल दाबल्यावर ठेका बदलत असेल तर ब्रेक बूस्टरची नळी किंवा बूस्टर बघा, आणि ते आजच बघा. कार्ब क्लीनरचा फवारा गरम इंजिनवर मारून गळती शोधण्याची पद्धत सर्रास चालते. तो पेट घेतो. साबणाचं पाणी किंवा गॅरेजमधली धुराची चाचणी घ्या.

## टप्पा ९: पार्ट घेणं आणि खात्री

आता पाकीट काढा. ऑपेरा हाउसच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाताना जुना पार्ट सोबत न्या आणि त्यावरचा क्रमांक जुळवा. जुन्या गाड्यांना वापरलेला सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटर घेणं चालून जातं, वापरलेली कॉइल आणि प्लग वायर नाही: त्या कशाने आणि किती तापल्यात ते बाहेरून दिसत नाही. बिल घ्या.

दुरुस्तीनंतर गाडी ज्या परिस्थितीत मिसिंग मारत होती त्याच परिस्थितीत चालवा. ओलीचं दुखणं असेल तर फवारा मारून. लोडचं असेल तर त्याच चढावर, त्याच गियरमध्ये. गरम झाल्यावरचं असेल तर एसी लावून ट्रॅफिकमध्ये. सोसायटीच्या आवारात एक चक्कर मारून "झाली एकदम ओके" म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी शेजारी बसवून घेऊन जा. कोड आता पुसा, आणि आठवडाभराने पुन्हा वाचा.

काम गॅरेजला द्यायचं ठरलं तर "गाडी मिसिंग मारते, बघा जरा" असं सांगू नका, कारण त्यावर उत्तर प्लग बदलण्याचंच येईल. वहीचं पान पुढे करा: "गरम झाल्यावर, फक्त लोडवर, तिसरा सिलिंडर, कॉम्प्रेशन चारही सारखे, प्लग हलवून बघितला, मिसिंग तिथेच." आणि बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून परत मागा.